कापडी खेळणी, हौशी गिऱ्हाईक आणि शिवणारीचं नाव

(शिवणकाम आणि कापडकाम करणाऱ्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज विषय दिलाय 'सॉफ्ट टॉईज'चा. नाव ऐकून इथे काहीजणी हसल्या. का हसल्या ते मला ठाऊक आहे. कुठल्याही वस्तीत, कुठल्याही तालुक्याच्या गावी 'महिलांसाठी काहीतरी करू या' असं ठरलं, की तेच चार-पाच वर्ग निघतात. पापड-लोणची, मेणबत्त्या, शिवण, ब्यूटी पार्लर आणि सॉफ्ट टॉईज. पंधरा दिवस वर्ग चालतो, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटतात, प्रमुख पाहुण्यांच्या हातात एकेक अस्वल देऊन फोटो काढतात. मग ती अस्वलं शोकेसमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बसतात आणि बाई परत धुणीभांडी नाहीतर फॉल-बिडिंग करू लागते.

याचा दोष बायकांच्या हाताला नाही. यंत्रावर हजारोंनी निघालेलं अस्वल रस्त्यावरच्या गाडीवर मिळतं, त्याच्या किमतीत आपल्याला नुसतं कापड आणि भराव येत नाही. त्या अस्वलाशी किमतीत टक्कर द्यायची तर एकच गोष्ट कमी करता येते, ती म्हणजे बाईची मजुरी. आणि ती आपण गुपचूप कमी करतो. वर म्हणतो, 'तेवढाच घराला हातभार!'

म्हणून आज मी त्या बाजाराबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे एका वेगळ्या, लहानशा गिऱ्हाइकाबद्दल. हाताने केलेलं कापडी खेळणं हौसेने जमवणारी मोठी माणसं जगभर आहेत. ती मुलांसाठी घेत नाहीत, स्वतःसाठी घेतात. कुणी फक्त अस्वलं जमवतं, कुणी फक्त घुबडं, कुणी एकाच कारागिराचं काम. या गिऱ्हाइकाला स्वस्त नको असतं. त्याला हवं असतं ते कुणीतरी एकीनं, मन लावून केलेलं, दुसऱ्या ठिकाणी न मिळणारं. म्हणजे तो खरेदी करतो तो आपला हात. आणि इथेच आपल्या चळवळीचा प्रश्न येतो. हात विकला जातो, तेव्हा नाव कुणाचं लागतं?

हा प्रश्न नवा नाही. तीन बायकांच्या गोष्टी सांगते. तिघींनी कापडाची खेळणी केली, तिघींची खेळणी आज जमवणारे शोधत फिरतात. पण तिघींच्या नावाचं वेगवेगळं झालं.

पहिली मार्गारेट श्टाईफ. जन्म १८४७, जर्मनीतलं गींगेन हे गाव. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हात दुखरा राहिला. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिवण शिकली, आणि १८७७ मध्ये तिने फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या कपड्यांचं दुकान काढलं. फॅशनच्या एका मासिकात हत्तीचा नमुना आला होता. त्यावरून तिने १८८० मध्ये टाचण्या खोचायची हत्तीच्या आकाराची गादी केली. मुलं ती घेऊन खेळायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे खेळणं आहे. पुढे तिचे पुतणे धंद्यात आले. रिचर्ड या पुतण्याने १९०२ मध्ये हातपाय हलणारं अस्वल तयार केलं, १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत अमेरिकेतल्या एका खरेदीदाराने ३,००० अस्वलांची मागणी दिली. नकला व्हायला लागल्या, म्हणून १९०४ मध्ये फ्रान्त्स या दुसऱ्या पुतण्याने युक्ती काढली. प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं एक बटण. ते बटण असेल तर माल आपला.

हे बटण किती मोलाचं ठरलं पाहा. १९९४ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात श्टाईफचं एक जुनं अस्वल १ लाख १० हजार पौंडांना गेलं. कापड, भराव, दोरा यांची ही किंमत नव्हे. ते कुणी केलं, केव्हा केलं, कुणाकडे होतं, याची सगळी हकीगत त्या अस्वलाबरोबर चालत आली, तिची ती किंमत.

आता दुसरी बाजू पाहा. १९०७ या एका वर्षात त्या कारखान्यातून ९ लाख ७४ हजार अस्वलं बाहेर पडली. कारखान्यात माणसं होती ४०० आणि घरून काम करणारे होते १,८००. घरी बसून शिवणारे कोण असतील हे या सभेत मी सांगायला नको. मार्गारेटचं नाव जगभर झालं, आणि पायांनी अधू असलेल्या एका बाईचं नाव असं झालं याचा मला आनंद आहे. पण त्या १,८०० जणांपैकी एकाचंही नाव कुठल्या अस्वलाच्या कानात नाही. बटणावर एकच नाव मावतं.

दुसरी बाई केटे क्रूझे. तीही जर्मन. तिचा नवरा बर्लिनमधला नामांकित शिल्पकार. मुलीला बाहुली हवी होती, तर त्याने कळवलं, बाजारातल्या बाहुल्या मी विकत आणणार नाही, तुमची तुम्ही करा. ही १९०५ च्या सुमाराची गोष्ट. केटेने टॉवेलमध्ये वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि मुलीच्या हातात दिली. बटाटा सुकला, वाळू सांडली, ती पुन्हा करत बसली. असं करत करत १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात घरी केलेल्या खेळण्यांचं प्रदर्शन भरलं, त्यात तिच्या बाहुल्या नावाजल्या गेल्या. तिने एक सवय ठेवली. बाहुलीच्या डाव्या तळपायावर तिचं नाव आणि क्रमांक असायचा. पुढे बिंग नावाच्या मोठ्या खेळणी कंपनीने तिच्या बाहुल्यांची नक्कल केली, तेव्हा ती कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये जिंकली. बाहुली ही सुद्धा कलाकृती आहे आणि ती करणारीचा तिच्यावर हक्क आहे, हे एका बाईने कोर्टाकडून वदवून घेतलं.

तिसरी मार्था नेल्सन थॉमस, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. कलाशाळेत शिकलेली. १९७० नंतरच्या वर्षांत ती कापडाची गुबगुबीत बाळं करायची. टाक्यांनी ओढून नाकडोळे उठवलेले, एकासारखं दुसरं नाही. हस्तकलेच्या जत्रांत ती ती विकायची, पण 'विकायची' म्हणायची नाही, 'दत्तक द्यायची'. ठरावीक, ओळखीची, रसिक गिऱ्हाइकं. आपण आज ज्या बाजाराबद्दल बोलतोय, अगदी तोच. १९७६ च्या सुमाराला झेवियर रॉबर्ट्स नावाच्या तरुणाने तिच्याकडून बाहुल्या घेऊन जॉर्जिया राज्यातल्या एका दुकानात विकायला ठेवल्या. पुढे दोघांचं फिसकटलं. मग त्याने स्वतः तशा बाहुल्या करायला घेतल्या, त्याही दत्तकपत्रासकट. आपण आईकडून गोधडीकाम शिकलो, असं त्याचं म्हणणं. मार्थाने दावा लावला, पण तिने आपल्या बाहुल्यांवरच्या हक्काची नोंद केलेली नव्हती. दावा वर्षानुवर्षं चालला आणि १९८५ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. तिला किती मिळाले ते जाहीर झालं नाही. तोवर त्या बाहुल्या 'कॅबेज पॅच किड्स' या नावाने कारखान्यात गेल्या होत्या आणि १९८३ या एका वर्षात ३० लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या. नाताळात दुकानांमध्ये आईबाप बाहुलीसाठी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. प्रत्येक बाहुलीच्या बुडावर सही असे. रॉबर्ट्सची.

मार्था २०१३ मध्ये वारली. शेवटपर्यंत ती बाहुल्या करत होती. पण कल्पना कुणाची हे बहुतेक विकत घेणाऱ्यांना कधी कळलंच नाही.

या तिघींतून मी एवढंच घेते. कापडी खेळण्याच्या या हौशी बाजारात मालापेक्षा नाव मोठं असतं. नाव, क्रमांक, हकीगत ज्याच्या हातात, किंमत त्याच्या हातात. म्हणून 'आधी धंदा बसू दे, नावाचं नंतर बघू' हे या धंद्यात चालत नाही.

आता आपल्याकडे येऊ या.

आपल्याकडे चिंध्यांची बाहुली आजीने केली, गोधडी आईने शिवली, पण त्यावर कधी कुणी नाव घातलं नाही. ती प्रेमाची वस्तू होती, तिथे नावाची गरजही नव्हती. पण वस्तू बाजारात गेली की नाव कुणाचं ना कुणाचं लागतंच. आपण नाही लावलं तर दुकानदार लावतो. दुकानदाराने नाही लावलं तर... आता जरा टोचणारं बोलते... तर आपली संस्था लावते.

आपल्या प्रदर्शनांतली लेबलं आठवून पाहा. 'गरजू महिलांनी तयार केलेली वस्तू.' खाली संस्थेचं नाव, बोधचिन्ह, फोन नंबर. करणारी बाई कुठे आहे? ती 'गरजू' या शब्दात आहे. मार्थाच्या बाबतीत निदान एक परका माणूस होता, त्याच्यावर दावा लावता आला. इथे आपणच असतो आणि आपला हेतू चांगला असतो, त्यामुळे कुणी बोलत नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही हे लेबल घातक आहे. दया येऊन घेणारा माणूस एकदा घेतो, पुन्हा येत नाही. घरी नेऊन ते खेळणं कपाटात टाकतो. जमवणारा माणूस दयेने घेत नाही. तो टाके बघतो, कापडाची लव कुठल्या दिशेला आहे ते बघतो, दोन्ही डोळे एका रेषेत आहेत का ते बघतो. त्याला आवडलं तर विचारतो, 'हे कुणी केलं? त्यांचं आणखी काय आहे?' हा प्रश्न आला की समजा गिऱ्हाईक मिळालं. आणि या प्रश्नाचं उत्तर 'गरजू महिलांनी' असं देता येत नाही.

मग करायचं काय? पायरीपायरीने सांगते.

पहिली गोष्ट, कुणासाठी करायचं ते नेमकं ठरवा. 'सगळ्यांना आवडेल असं' करू नका, ते गाडीवर मिळतं. आपल्या भागाकडे बघा. भीमाशंकरच्या बाजूच्या गटाने अस्वल कशाला करायचं? तिथे शेकरू आहे, आपल्या राज्याचा प्राणी. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक मुद्दाम येतात. ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला दुर्बिणी घेऊन येतात. पक्ष्या-प्राण्यांवर जीव असलेली ही माणसं थोडी आहेत, पण जिद्दी आहेत, एकमेकांना सांगणारी आहेत. त्यांना अंगावर टिकल्या लावलेला गुलाबी ससा नको. त्यांना शेकरूच हवं, आणि ते शेकरूसारखंच हवं.

म्हणजे अभ्यास आला. हरियाल हा आपला राज्यपक्षी, त्याचे पाय पिवळे असतात. तुम्ही लाल केलेत तर साधं गिऱ्हाईक काही बोलणार नाही, पण हा माणूस खेळणं खाली ठेवून निघून जाईल. शेकरूचं शेपूट अंगापेक्षा लांब, पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकं. हे बघायला गटाने एकदा जंगलात जावं, वनखात्याच्या माणसाला विचारावं. आणि आपल्या गटात अशा बाया असतात, ज्यांनी हे प्राणी लहानपणापासून पाहिलेले आहेत. त्यांना वर्गात कुणी कधी विचारलेलंच नसतं. इथे त्यांची माहिती म्हणजे भांडवल आहे.

दुसरी गोष्ट, थोडं करा आणि चोख करा. फरचं कापड उलट्या बाजूने आखायचं, नुसतं खालचं कापड कापायचं, लव कापायची नाही. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला आहे ना ते बघायचं. भराव थोडा थोडा, नाकापासून आणि पायाच्या टोकापासून सुरू करायचा, गाठी राहू द्यायच्या नाहीत. शेवटची शिवण लपत्या टाक्याने बंद करायची. शिवणीत अडकलेली लव सुईने मोकळी करायची. तुमच्यातल्या अनेकींना हे येतं. पण पंचवीस रुपये नगाने शिवताना एवढं करायला वेळ कोण देतो? हातात कसब असतं, दरात ते बसत नाही.

तिसरी गोष्ट, किमतीची. हिशेब मांडून दाखवते, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका शेकरूला कापड, भराव, दोरा, डोळे मिळून १८० रुपये लागले. काप, शिवण, भराव आणि चेहरा मिळून सहा तास लागले. तासाला ८० रुपये धरले तर ४८० रुपये मजुरी. मशीनची झीज, वीज, वाया गेलेलं कापड, खोका यांचे ६० रुपये. झाले ७२०. आता दुकानदार विक्रीच्या एक तृतीयांश घेतो असं धरा. १,०८० रुपये किंमत लावली तर त्याचे ३६० जाऊन आपल्याला बरोब्बर ७२० उरतात, म्हणजे गटाच्या हाती शून्य. १,२०० लावली तर त्याचे ४०० जातात, ८०० उरतात, गटाला ८० मिळतात. त्यातलेच काही, समजा २० रुपये, जिने तो नमुना पहिल्यांदा कागदावर काढला तिला प्रत्येक नगामागे द्या. ती उद्या शिवायची थांबली तरी द्या. नमुना तिच्या डोक्यातून आलाय.

१,२०० रुपये ऐकून काहीजणींनी डोळे मोठे केले. 'कापडाच्या खारीला बाराशे कोण देणार?' सगळे देणार नाहीतच. शंभरातला एक देईल. आपल्याला तो एक शोधायचा आहे. उरलेल्या नव्याण्णवांसाठी किंमत कमी करायला गेलात, तर त्या एकाला वाटेल की हे बाजारातलंच आहे. आणि स्वतः घरची आठ कामं उरकून रात्री शिवणाऱ्या बाईचे सहा तास ४८० रुपयांचे आहेत हे आपल्यालाच जास्त वाटत असेल, तर गिऱ्हाइकाला कसं पटणार?

चौथी गोष्ट, नाव आणि नोंद. प्रत्येक खेळण्याला पोटाखालच्या शिवणीत एक कापडी पट्टी. तिच्यावर करणारीचं नाव, क्रमांक, वर्ष. आडनाव, पत्ता, फोन घालू नका, त्याची गरज नाही आणि त्यात धोकाही आहे. घरच्यांच्या भीतीने एखादीला खरं नाव नको असेल तर तिने दुसरं निवडावं, पण ते तिचं तिने निवडलेलं असावं. चौघींनी मिळून केलं असेल तर चौघींची नावं कार्डावर. आणि गटात एक वही. कुठला क्रमांक कुणी केला, कधी केला, कुणाला विकला. वीस वर्षांनी तीच वही त्या खेळण्याची हकीगत होईल. वही कार्यकर्तीच्या घरी नको, गटाच्या पेटीत असू दे.

पाचवी गोष्ट, कायदा. थोडक्यात सांगते, प्रत्यक्ष वेळ आली की वकिलाला विचारा. कलाकृतीवरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने ती केल्याक्षणी मिळतो, त्यासाठी नोंद सक्तीची नाही. पण नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे आपण बाईला पगारी ठेवलं आणि काही लिहिलं नाही, तर तिच्या नमुन्याची मालकीण संस्था होऊ शकते. याच कायद्याच्या कलम १५ मध्ये आणखी एक मेख आहे. डिझाइन म्हणून नोंदता येण्यासारखी गोष्ट नोंदली नाही आणि यंत्रोद्योगाच्या पद्धतीने तिचे ५० पेक्षा जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. मोठी ऑर्डर घेण्याआधी हे ध्यानात ठेवा. डिझाइनची नोंद २००० च्या कायद्याखाली होते, ती १० वर्षांची असते आणि आणखी ५ वर्षं वाढवता येते. पण अर्ज करायचा तो प्रदर्शनात मांडण्याआधी, नंतर नव्हे. आणि एक कलम मला फार आवडतं, ५७ वं. हक्क विकून टाकला तरी 'ही कृती माझी आहे' असं म्हणायचा अधिकार करणारीकडेच राहतो. दुकानदाराला हे कलम बऱ्याचदा ठाऊक नसतं. आपल्याला असावं.

खेळण्यांच्या सुरक्षिततेचाही नियम आहे. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेल्या वस्तूंवर आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यात सूट दिली गेली. तुम्ही काय करता ते सांगून भारतीय मानक ब्यूरोकडून ताजा नियम विचारून घ्या. नुसतं 'शोभेची वस्तू' असं लिहून भागतं असं समजू नका. आणि कायदा काहीही असो, बटणाचे डोळे निघू शकतात, लहान मूल ते गिळू शकतं. मोठ्यांसाठी केलेल्या वस्तूवर तसं मोठ्या अक्षरात लिहा. हस्तकला कारागिराचं जे ओळखपत्र मिळतं, ते त्या त्या व्यक्तीच्या नावाने असतं, गटाच्या नव्हे. अनेक बायकांच्या आयुष्यात 'व्यवसाय' या शब्दापुढे काहीतरी लिहिलेला तो पहिला कागद असतो. तेवढ्यासाठीसुद्धा ते काढा.

आता एक इशारा. जमवणाऱ्यांची हौस आणि सट्टा यांत अंतर आहे. अमेरिकेत १९९३ नंतर 'बीनी बेबीज' नावाची छोटी भरीव जनावरं निघाली. कंपनी अमुक जनावर आता बंद म्हणून जाहीर करायची, लोक किंमत वाढेल म्हणून खोकी भरून ठेवायचे. १९९९ नंतर तो फुगा फुटला आणि खोकी घरात पडून राहिली. आपण 'हे ठेवा, उद्या किंमत येईल' असं कधीही सांगू नये. आवडलं तर घ्या, एवढंच सांगावं. आणि 'फक्त पन्नासच नग' असं सांगितलं तर एक्कावन्नावा करू नये. या धंद्यात शब्द मोडला की नाव जातं.

इथे येण्यापूर्वी एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं, 'ताई, नावाने पोट भरतं का? आमच्याकडे चाळीस बाया आहेत. व्यापारी दोन हजार नगांची ऑर्डर देतोय, लेबल त्याचं. घेऊ की नको?'

प्रश्न खरा आहे आणि मी त्याला टाळणार नाही. हौशी गिऱ्हाइकाचा हा बाजार चाळीसजणींचं पोट भरणार नाही. सुरुवातीला चौघींचं भरलं तरी खूप झालं, आणि त्यालाही दोन-तीन वर्षं लागतील. म्हणून मी 'ऑर्डर सोडा' असं म्हणणार नाही. ऑर्डर घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. दर तासावर काढा, नगावर नको. करार लिहून घ्या. त्याचा नमुना असेल तर त्याचं लेबल लागू दे. पण तुमच्या गटाने शोधलेला नमुना त्या ऑर्डरीत घालू नका. तो घातलात की दोन हजार नगांनंतर तो बाजाराचा झाला. पोटाचं काम एका हाताने करा, नावाचं काम दुसऱ्या हाताने जपा.

घरी बसून मजुरीवर काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला, क्रमांक १७७. तो व्हावा म्हणून आपल्याकडच्या 'सेवा' संघटनेने फार धडपड केली. त्यात म्हटलंय की घरून काम करणारी ही सुद्धा कामगार आहे, तिला इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. ज्या चौघींचं नाव होईल त्यांनी उरलेल्या छत्तीसजणींसाठी ती लावून धरली पाहिजे. एकट्या मार्गारेटचं नाव होऊन १,८०० जणांचं काही झालं नाही, तसं आपल्या गटात व्हायला नको.

कार्यकर्त्या मैत्रिणींना शेवटचं सांगते. गटात जिला बोलता येतं, जिच्याकडे चांगला मोबाईल आहे, जी इंग्रजीत दोन वाक्यं लिहू शकते, ती हळूहळू गटाचा चेहरा होते. फोटो ती काढते, गिऱ्हाइकाशी ती बोलते, पैसे तिच्या खात्यात येतात. बाकीच्या शिवतात. यात कुणाची वाईट बुद्धी नसते, तरी वर्षभरात बटण तिच्या नावाचं होतं. म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायचं काम फिरतं ठेवा. जिने केलं तिलाच विचारू द्या आणि तिलाच सांगू द्या, ती तिच्या बोलीत सांगेना का. जमवणाऱ्याला तेच हवं असतं.

पुढच्या बैठकीला गटात तीन प्रश्न घ्या आणि उत्तरं वहीत लिहा. आपल्या खेळण्याचा नमुना कुणी काढला? विकल्या गेलेल्या शेवटच्या नगातून शिवणारीला तासाला किती मिळाले? आणि त्या नगावर नाव कुणाचं होतं? पहिल्या बैठकीत उत्तरं देताना भांडणं होतील. होऊ द्यात. ती कोर्टात होण्यापेक्षा आपल्या बैठकीत झालेली बरी.